पाच नंबरची कॉइल

सासऱ्यांनी दिलेली मिनिव्हॅन चढावर हिसके देऊ लागली, तरी जावई ती गॅरेजमध्ये न्यायला तयार होईना. मागच्या खेपेला मेकॅनिक "आता हिला मोकळं करा" म्हणाला होता आणि ते नेमके सासऱ्यांच्या कानावर गेले होते. "मी दिली तेव्हा चांगली ठणठणीत होती," एवढेच ते म्हणाले. पण तेव्हापासून त्यांच्यासमोर जेवताना जावई ताटातून मान वर काढत नसे.

जावई एका कंपनीत प्रशिक्षणप्रमुख होता. 'अडचण हीच संधी' या विषयावर बोलायला लागला की जेवणाची सुट्टी झाली तरी कुणाला उठू देत नसे. अशा माणसाला एक इग्निशन कॉइल बदलणे काय जड? शेजाऱ्याच्या तपासणीयंत्राने पाच नंबरच्या सिलिंडरला ठिणगी मिळत नसल्याचे सांगितलेच होते. व्हिडिओतल्या माणसाने तर गप्पा मारता मारता एक बोल्ट काढला, जुनी कॉइल उपसली, नवी बसवली आणि हात पुसले. दुकानदाराने "पुढची की मागची?" असे विचारले, तेव्हा जावयाने त्याला "इंजिनाची" असे सुनावले; त्याने दोन्हीकडे बसणारी काढून दिली.

रविवारी सकाळी बॉनेट उघडले. दुपारी मुलीच्या बँडची स्पर्धा होती आणि तिचे ड्रम या गाडीखेरीज कशातच मावत नसत. टेम्पो सांगून ठेवू का, असे बायकोने विचारून पाहिले. त्यावर त्याने तिला विश्वासाचे महत्त्व समजावून सांगितले. नातीचे वादन ऐकायला आलेल्या सासऱ्यांनी खुर्ची बाहेर मागवली आणि हाताची घडी घालून ते समोरच बसले.

इंजिनाच्या पुढच्या रांगेतली हाताला लागेल ती कॉइल बदलून झाली. गाडी सुरू केली, तर ती पूर्वीसारखीच थरथरत होती. नवीन आहे, रुळायला वेळ लागेल, असे जावई म्हणाला. जणू काही ती कालच नोकरीला लागली होती.

तेवढ्यात शेजारी आपले यंत्र न्यायला आला. त्याने आत डोकावून पाहिले. "अहो, पाच नंबर मागच्या रांगेत असतो. त्याच्यावरचा हा सगळा डबा काढावा लागेल," असे सांगून तो यंत्र घेऊन निघून गेला.

मग डबा निघाला. त्याच्याआधी त्याला चिकटलेल्या नळ्या निघाल्या, वायरी निघाल्या, आणि कशाला तरी धरून ठेवणारी एक पट्टी निघाली. बोल्ट ठेवायला घरातल्या वाट्या कमी पडू लागल्या. बायकोने गुपचूप टेम्पोवाल्याला फोन लावला, पण झाडून सगळे टेम्पो इतर मुलांचे ड्रम वाहण्यात गुंतले होते.

अखेर कॉइल दिसली, पण तिच्या वायरीपर्यंत जावयाचा हात पोचेना. मुलगी पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभी होती. ती खाली आली, बाही वर न करताच तिने हात आत घातला.

"थोडं डावीकडे, आता मन एकाग्र कर—"

"बाबा, तू फक्त गप्प बस."

वायर सुटली, बिघडलेली कॉइल निघाली आणि सकाळी पुढून काढलेली जुनी, पण धडधाकट कॉइल तिच्या जागी गेली. सासऱ्यांनाही आता खुर्चीत बसवेना. ते उठले आणि टॉर्च धरून जावयाशेजारी वाकले. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दोन डोकी एका कामात एकत्र आली होती. डबा परत बसला, किल्ली फिरली आणि गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली.

सासरे बराच वेळ कान देऊन ऐकत राहिले. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. जावयाने पुसलेले हात पुन्हा एकदा पुसले. व्याख्यानाच्या धंद्यात हाताचे कौतुक त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते.

स्पर्धा वेळेवर गाठली. मुलीची बाही कोपरापर्यंत काळी झाली होती. परीक्षकांनी तिच्यातल्या बंडखोर अभिव्यक्तीचे तोंड भरून कौतुक केले आणि वादनाला नाही, पण वेशभूषेला बक्षीस दिले.

परतताना गाडी सासऱ्यांनी चालवली. दारात ड्रम उतरवून घेतले, तरी ते काही खाली उतरले नाहीत. आमच्या बाजूच्या चढावर कशी ओढते ते बघतो, म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, गाडी फर्स्टक्लास. तुमच्या सासूबाईंनी धुऊनसुद्धा काढली. फक्त ब्रेक जरा कुरकुरतायत. येत्या रविवारी या, बघून टाकू."

"येतो की," जावई म्हणाला.

"आणि बसनेच या. अगदी आमच्या दारात थांबते."