साठ्यांचं नाक

दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याआधी साठे उंबऱ्यावर थांबत, डोळे मिटत, दोन छोटे श्वास घेत आणि निकाल देत. "परवाचा कोबी." "मोजे शेगडीवर वाळवलेत." "घरून पार्सल आलंय. हिंग आहे आत, लपवू नका." आणि वर, "नाक खोटं बोलत नाही हो!"

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत आम्ही पाच-सहा मराठी मुलं शिकत होतो. साठे आमच्यात वयानं मोठे, रंगांच्या रसायनावर डॉक्टरेट करणारे. नाक तिखट असायला कुणाची हरकत नव्हती, पण त्याच्या खाली लगेच तोंड होतं, ही अडचण. त्यांच्या प्रोफेसरांच्या पत्नीनं एकदा चहाला बोलावून स्वतः केलेला केक पुढे केला. साठ्यांनी तो हुंगला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "लोणी जुनं आहे." बाईंनी आत जाऊन उरलेलं लोणी हुंगलं, बाहेर येऊन "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाल्या आणि पुन्हा कधी त्यांना बोलावलं नाही.

आम्ही तरी काय वेगळे होतो? रविवारी कुणाच्या तरी खोलीवर वरणभाताचा बेत ठरे आणि साठ्यांना कळवायचं नेमकं राहून जाई. माझ्या हातच्या वरणाचे ते काय धिंडवडे काढतील, या धास्तीनं मी दोन वर्षांत त्यांना एकदाही जेवायला बोलावलं नव्हतं. ते रविवारी एकटेच कालव्याकाठी फिरताना दिसत. मी रस्ता बदलत असे.

शनिवारी संध्याकाळी मात्र साठे टाय बांधून एका तळघरातल्या वाइनच्या खानावळीत जात. खोकल्याचं औषधसुद्धा "स्पिरिट आहे" म्हणून परत करणारा हा माणूस! एकदा मी खोदून विचारलं, तर म्हणाले, "चला, दाखवतो."

खानावळ शाल्वा नावाच्या एका जॉर्जियन म्हाताऱ्याची. युद्धात कैदी होऊन जर्मनीत आला, मागे परतायची सोय उरली नाही, म्हणून इथेच राहिला. रस्त्यानं जाताना त्याच्या खिडकीतल्या कुंडीतून साठ्यांना कोथिंबिरीचा वास आला होता. त्या काळी त्या गावात कोथिंबीर! साठे तसेच आत शिरले होते. आत अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी होती, चीज भरलेल्या गरम भाकऱ्या होत्या, आणि तळघराच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण होते. द्राक्षांचा रस सालींसकट त्यात ओतायचा, तोंड लिंपून टाकायचं आणि वाट बघायची, ही शाल्वाच्या गावची रीत.

"यांच्या पंगतीचा नियम कडक," साठे म्हणाले. "म्हातारा उभा राहून बोलतो. आईसाठी, गावासाठी, गेलेल्या माणसांसाठी. त्याचं संपेपर्यंत पेल्याला ओठ लावायचा नाही."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी रिकामा पेला उंचावतो."

गिऱ्हाइकं यायच्या आधी शाल्वानं दार लावलं आणि एकेका रांजणातून ओगराळ्यानं वाइन काढून साठ्यांच्या नाकाखाली धरली. "ही चांगली. ही आठ दिवस ठेवा. ही देऊ नका कुणाला." शाल्वा खडूनं खुणा करत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हाताऱ्याला वास येत नव्हता! युद्धातल्या एका तापात त्याचं नाक गेलं होतं, आणि हे साठ्यांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"हा एकटा मला खरं सांगतो," शाल्वा मोडक्या जर्मनमध्ये मला म्हणाला. साठ्यांचा चेहरा असा खुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

कोपऱ्यात एक लहान रांजण होता. त्याला कुणी हात लावत नसे. त्यांच्याकडे मूल झालं की वाइन पुरून ठेवतात आणि त्याच्या लग्नात उघडतात म्हणे. शाल्वानं घर सोडलं तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या नावाचा रांजण त्यानं इथे पुरला होता.

नोव्हेंबरात तिकडून पत्र आलं. मुलीचं लग्न होऊन चार महिने झाले होते. शाल्वानं खानावळ बंद ठेवली, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. वऱ्हाड म्हणजे आम्ही दोघंच. त्यानं रांजणाचं लिंपण फोडलं आणि माझ्यासारख्याच्या नाकालाही कळलं. ओल्या चादरी महिनाभर कपाटात कोंबाव्यात तसा कुबट वास. वाइन साफ बिघडली होती.

शाल्वानं पेला भरून साठ्यांपुढे धरला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

साठ्यांनी डोळे मिटले. दोन छोटे श्वास घेतले.

"उत्तम," ते म्हणाले. "अशी वाइन मी इथे कधी हुंगली नाही."

शाल्वा उभा राहून मुलीसाठी बोलला, आपल्या भाषेत, बराच वेळ, रडत. त्याचं संपल्यावर, जन्मात दारूला न शिवलेल्या साठ्यांनी पेला एका दमात रिकामा केला. मीही केला. ती चव आठवली की अजून अंगावर काटा येतो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो साठे, नाक खोटं बोलत नाही ना?"

"लग्नघरात असं बोलतात का?" ते रागावून म्हणाले.

उरलेली वाइन शाल्वा अभिमानानं गिऱ्हाइकांना देणार होता. पहिल्याच घोटाला कुणीतरी तोंड वाकडं केलं असतं. साठ्यांनी त्याला पटवलं, की मुलीच्या लग्नाची वाइन परक्यांना द्यायची नाही, घरच्या माणसांनीच संपवायची. मग हिवाळाभर दर शनिवारी जाऊन ते ती प्यायले. साठे बिघडले, बाटलीला लागले, असा आमच्या मुलांत बभ्रा झाला. साठ्यांनी खुलासा केला नाही आणि मलाही करू दिला नाही. शाल्वाला वास येत नाही हे फुटलं, तर त्याच्याकडे कोण आलं असतं?

मार्चमध्ये रांजण संपला. त्याच आठवड्यात मी साठ्यांना जेवायला बोलावलं. आणि नेमकं पत्र लिहिण्याच्या नादात माझं वरण बुडाला लागलं. खोलीभर करपट वास. साठे आले, उंबऱ्यावर थांबले, डोळे मिटले, दोन छोटे श्वास घेतले.

"वा! फक्कड झालंय वरण."

"साठे, खरं सांगा. करपलंय."

"करपलंय ना," बुटांचे बंद सोडत ते म्हणाले. "पण तुम्ही बोलावलंत."