संगप्पाअण्णा माशी बांधायला शिकतात

संगप्पाअण्णा रस्त्यानं चालले की कोंबडे वाट सोडून पळायचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घराण्यात सात पिढ्यांत कोणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही, आणि हा गृहस्थ परक्या कोंबड्याच्या मानेकडं मुलगी बघायला आल्यासारखा टक लावून उभा राहायचा. मग पटकन वाकून मानेचं एक लांब पीस उपटायचे आणि ते पटक्यात खोचून चालू लागायचे. कोंबडा ओरडायचा, त्याचा मालक त्याहून मोठ्यानं ओरडायचा. अण्णा मागं वळूनही बघत नसत.

पीस कशाला लागतं असं कोणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "इचारून काय करायलास?" जेवलात का विचारा, लुगड्याचा रंग टिकेल का विचारा, हेच उत्तर. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. असं उत्तर देऊनही ते कसं चालतं हे मला कधी समजलं नाही. बायको वारलेली, दोन्ही मुली आळंदकडं दिलेल्या, घरात एकटेच.

मी त्यांचा शेजारी, गावातल्या शाळेचा मास्तर. पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण कोण कोणाचा माणूस हे अजून कोणालाच नीट कळलं नव्हतं. त्यामुळं सगळे सगळ्यांकडं तिरक्या नजरेनं बघायचे. माझी नजर तर मुळातच तिरकी. पोरांच्या पाट्या तपासून तपासून मला सरळ दिसायचं बंद झालं होतं.

आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला एक भोक होतं. ते उंदरानं पाडलं असं मी बायकोला सांगत असे. एका दुपारी त्यातून बघितलं तर अण्णा माजघरात पाटावर बसलेले. समोर वस्तू आवळून धरायचा लोखंडाचा चिमटीएवढा शेगडा, शेगड्यात अडकवलेला मासे धरायचा गळ. गळावर ते लाल रेशमाचा दोरा गुंडाळत होते, मध्येच काळा केस, मध्येच कोंबड्याचं पीस. आणि ओठ हलत होते. कान लावला तर कानडीतून "ओंदु, एरडु, मूरु" असे आकडे ऐकू आले. साधा माणूस म्हणाला असता की वेढे मोजत असतील. पण मी शिकलेला. भानामतीचा मंत्र आकड्यांत असतो हे मी तिथल्या तिथं ओळखलं.

आमच्या भागात भानामती म्हटलं की हसणारा माणूसही आधी मागं वळून बघतो. त्यात त्याच आठवड्यात माझ्या म्हशीच्या शेपटीचा गोंडा कोणीतरी कात्रीनं सफाईनं छाटून नेला आणि म्हशीनं दूध चोरलं. घरातली पेंड चार दिवसांपूर्वी संपली होती ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पोलीस पाटलाला मात्र बाकीचं सगळं सांगितलं.

व्हायचं तेच झालं. बुधवारी सकाळी चावडीत बैठक ठरली. भानामती करणाऱ्याचे पुढचे दात पाडायचे, म्हणजे त्याला मंत्र नीट म्हणता येत नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. दात लोहारानं पाडावेत की सुतारानं यावरच काय ते मतभेद होते. तेव्हा कुठं मी काय करून बसलो ते मला कळलं. पेटवलं मी होतं, आणि विझवायची अक्कल माझ्याकडं नव्हती. निदान पुरावा तरी पक्का असावा म्हणून मंगळवारी दुपारी मी अण्णांच्या मागावर निघालो.

दर मंगळवारी ते पत्र्याची एक डबी काखेत मारून चिंताकीच्या बाजाराला जातो म्हणत. पण पाय वळले ओढ्यापलीकडच्या गल्लीकडं. त्या गल्लीत हल्ली कोणी जात नसे. निम्म्या घरांना कुलपं होती. शेवटच्या घरात याकूबसाब राहायचे, एकटेच. पूर्वी ते पाटबंधाऱ्याच्या एका गोऱ्या इंजिनेराचे खानसामे होते. साहेब मांजरा नदीच्या काठी तंबू टाकून मासे धरायचा, आणि त्याच्या गळाला लागणाऱ्या खोट्या माश्या याकूबसाब बांधून द्यायचे. पीस, केस आणि रेशीम यांची अशी माशी की मासा फसायचा. साहेब विलायतेला गेला तेव्हा ते सगळं सामान त्यांनाच देऊन गेला. पुढं त्या गडबडीत त्यांचा एकुलता मुलगा कराचीला निघून गेला. त्याचं पत्र आलं नाही. तेव्हापासून याकूबसाब कोणाशी बोलत नाहीत असं गावात म्हणायचे. त्यांच्याशी तरी कोण बोलायला जात होतं म्हणा.

मी कुडाच्या आड उभा राहिलो. आत न बोलणारे याकूबसाब गल्ली दणाणून सोडत होते.

"ये मक्खी है क्या संग्या? गळाच्या नाकावर दोरा चढवला, अब डोर किदर से पिरोता? ये देख के मछली हसते हसते मर जाती, पकडने की जरूरतच नै."

आणि संगप्पाअण्णा, ज्यांनी आयुष्यात कोणाला सरळ उत्तर दिलं नाही, ते मान खाली घालून म्हणत होते, "चुकलं. परत सांग."

तासभर हे चाललं. पीस कोंबड्याच्या मानेचंच का, वेढे किती, दोऱ्याला मेण कधी लावायचं. सगळं सांगून झालं की अण्णा पुन्हा तीच चूक करत आणि याकूबसाब पुन्हा कपाळावर हात मारून पहिल्यापासून सुरू करत. माझ्या शाळेत असा ढ पोरगा असता तर मी त्याला केव्हाच शेतावर धाडला असता.

अण्णा बाहेर आले तेव्हा मी त्यांना ओढ्यात गाठलं. दंड धरून म्हणालो, डबीत काय आहे ते दाखवा, उद्या दातांवर बेतलंय. त्यांनी निमूटपणे डबी उघडली. आत कापसावर सहा माश्या बसलेल्या. मी त्या हाकलायला हात उचलला, आणि एकही उडाली नाही तेव्हा ओळखलं. त्यांच्या पोटाचे काळे केस माझ्याच म्हशीच्या गोंड्याचे होते.

"ह्या कोणी बांधल्या?"

"मीच."

"आणि आत्ता आत दाखवलीत ती?"

"ती बी मीच." मग पहिल्यांदा त्यांनी मला इचारून काय करायलाव असं म्हटलं नाही. ते दगडावर बसले.

अण्णा आणि याकूबसाब लहानपणी एकाच उर्दू शाळेत, एकाच पाटीवर शिकलेले. मुलगा गेल्यावर अण्णा याकूबसाबांकडं जाऊन बसायला लागले. सात महिने याकूबसाबांनी तोंडातून शब्द काढला नाही. समोर नुसती साहेबाच्या सामानाची पेटी पडलेली. एक दिवस करमेना म्हणून अण्णांनी त्यातला एक गळ उचलून त्याला दोरा गुंडाळला, तर याकूबसाब म्हणाले, "उलटा लपेटा."

"सात महिन्यांनी बोलला मास्तर. दोनच शब्द. मग मी समदंच उलटं करायलो." अण्णा हसले. "शिकायला चार महिने लागले. चुकायला ज्यास्त डोकं लागतंय. दर बारीला नवीन चूक कुठून आणावी? घरी बसून आधी नीट बांधतो, मग कुठं बिघडवावी ते ठरवतो."

मी म्हणालो, उद्या या चांगल्या माश्या चावडीत ठेवा आणि सरळ सांगून टाका. म्हैस माझी, माझी काही तक्रार नाही.

त्यांनी डबी बंद केली. "न्हाई. चावडीत ठेवलं की सांजेपर्यंत याकूबच्या कानावर जातंय. मला जमतंय कळलं तर तो बोलंल कशापायी? दात गेले तर भाकर कुस्करून खाईन मी. त्याचं बोलणं गेलं तर काय करू?"

मला त्या दिवशी माझी स्वतःची लाज वाटली. भिंतीच्या भोकाला मी डोळा लावून बघितलं होतं आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

बुधवारी चावडीत मीच उभा राहिलो आणि अण्णांकडून मागून घेतलेली त्यांची बिघडलेली माशी पाटलाच्या तळहातावर ठेवली. म्हशीच्या पेंडीचंही कबूल केलं. हा मनुष्य मासे धरायची खोटी माशी बांधायला शिकतोय, वर्ष झालं, अजून ही अशी येते, असं सांगितलं. पाटलानं ती उलटीसुलटी करून बघितली. आधी तो हसला, मग सगळी चावडी. लिंगायत माणूस आणि मासे, हे तर लोकांना हसायला सहा महिने पुरलं. पाटलानं निकाल दिला, "ज्याला एक माशी बांधता येईना, त्याला भानामती कुठली जमायलीय?"

अण्णा खाली मान घालून ऐकत होते. दात वाचले, अब्रू गेली. चेहऱ्यावर मात्र समाधान होतं, कारण ते ढ आहेत ही बातमी आता गावभर पक्की झाली होती.

पुढच्या मंगळवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. दुसरा विद्यार्थी बघून याकूबसाबांनी डोळे बारीक केले, बराच वेळ मला निरखलं, आणि गळ हातात दिला. मला मुद्दाम चुकायची गरजच पडली नाही. माझी माशी बघून ते असे सुटले की दिवस कलला तरी थांबेनात. माझी बोटं, माझी नजर, माझी शाळा, कशालाच सोडलं नाही. मध्येच मुलाची आठवण काढली, तो लहानपणी असाच गुंता करायचा म्हणाले. अण्णांनी चार दिवस खपून बिघडवलेली माशी पाटावर तशीच पडून राहिली. तिच्याकडं बघायला याकूबसाबांना सवड झाली नाही.

परतताना अण्णा डबी छातीशी धरून दहा पावलं पुढं चालत होते. मला वाटलं, मित्र एवढा बोलला म्हणून मन भरून आलं असेल. ओढा ओलांडल्यावर ते थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मास्तर, पुढच्या बारीला जरा बरं बांधा की. समदं तुम्हालाच बोलला, तर मला कोण बोलंल?"