एकरी नऊचा मान

टिकेश आमगावच्या शेतकरी संघात कम्प्युटरवर बसायचा आणि त्याचे वडील शालीकराम ते तालुकाभर सांगत फिरायचे. "माह्या पोराची मशीन चुकत नाही," हे वाक्य मुर्रीच्या सोयऱ्यांनाही पाठ झालं होतं.

२०१७ साली संघाने धानाच्या एकरी उत्पन्नाची स्पर्धा ठेवली. अर्ज मोबाइलवर भरायचे होते. प्रत्येकाचं नाव, गाव, वाण, बैलजोडी, एकरी क्विंटल, सगळं डेटाबेसच्या एकाच रकान्यात पडायचं, गावाला निघालेल्या म्हातारीच्या गाठोड्यासारखं. गाठ न सोडता त्यातला नेमका आकडा उपसणारं, डेटाबेसला हुकूम देण्याच्या एसक्यूएल भाषेतलं फंक्शन टिकेशने शोधून काढलं. मोठा वर, लहान खाली, असा हुकूम सोडून त्याने यादी थेट सभेत पडद्यावर लावली. आधी तपासणं त्याला कमीपणाचं वाटलं.

अध्यक्ष सुमित्राबाईंनी वरचं नाव वाचून बकारामच्या खांद्यावर शाल टाकलीसुद्धा. आकडे लोकांनी नंतर वाचले. बकाराम नऊ. दुसरा आठ, तिसरा सात. चौथे शालीकराम, एकतीस.

"काऊन गा टिकेश," मागच्या रांगेतला शेतकरी उदाराम ओरडला, "नऊ मोठे का एकतीस?"

टिकेशला चूक कळली. आकडा बाहेर आला होता, पण अक्षरांचे कपडे घालून. मग कम्प्युटरनेही शब्दकोश लावावा तसा पहिला अंक तेवढा पाहिला. नवापुढे एकतीसातला तीन लहानच. 'याला संख्या समज' हे सांगायचं राहिलं होतं. कबुली द्यायला तो उठला, पण त्याच्याआधी शालीकराम उठले.

"मीच मोजण्यात चुकलो असन. पोराची मशीन चुकन का?"

सुमित्राबाईंनी घाईने बकारामला यशाचं रहस्य विचारलं.

"रहस्य कायचं बाप्पा? रानडुकरं आली. त्याइनं ठेवलं थे नऊ."

टाळ्या पडल्या.

घरी जाताना टिकेश म्हणाला, "बाबूजी, ते यादीत..."

"चूप बैस. मशीनवर शंका घेऊन राहिला का बे?"

पुढच्या साली टिकेशने राहिलेली दुरुस्ती केली, यादी तीनदा तपासली. तीही फक्त वरची पाच नावं. मग पडद्यावर सगळी लावली. पहिला बकारामच, पण कुंपण घालून, तेहतीस. सगळ्यांत खाली शालीकराम. नऊ.

"बाबूजी! आपल्या बांधीत तर पस्तीस झाले!"

"मशीनले नऊ आवडते म्हणून नऊ भरले." शालीकरामांनी पडदा खालपासून वरपर्यंत निरखला. मग शेजारच्या उदारामला कोपर मारून, छाती काढून म्हणाले,

"पाह्यलं? एका सालात मशीन सुधारली माह्या पोट्ट्यानं."