भोयर सरांचे पोहे

भोयर सर तुम्हाला "चाल वं माय, पोहे खाऊन येऊ" म्हणाले, की समजावं, आपण कुठेतरी माती खाल्ली आहे.

शहराबाहेरच्या मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका माल-वाहतूक कंपनीत मी बिलं करते आणि भोयर सर गाड्या सोडतात. म्हणजे कोणता माल कोणत्या ट्रकमधून कुठे जाणार, हे ते ठरवतात. कंपनी जुन्या जागी, वाडीला होती तेव्हापासूनचे ते. हाताखालच्या माणसाला त्यांनी चारचौघांत कधी बोललेलं कोणी ऐकलं नाही. "शाबासकी चौकात, बोलणी कोपऱ्यात," हे त्यांचं पालुपद. हा कोपरा म्हणजे गेटबाहेरचा पोह्यांचा ठेला.

गंमत अशी, की या गुप्ततेची दवंडी आधीच पिटलेली असते. तुम्ही त्यांच्या मागून निघालात, की टेबलाटेबलावरून माना वर होतात. वॉचमनसुद्धा गेट उघडताना कीव आल्यासारखा बघतो. ते अंगण ओलांडताना धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला व्हायचं. शाबासकीची तऱ्हा याहून वाईट. ड्रायव्हरांना हाका मारायचा भोंगा हातात घेऊन ते सांगायचे, "निकिता मॅडमनं आज एकाही बिलात चूक केली नाही. वाजवा टाळ्या." मग लुंगीतले ड्रायव्हर टाळ्या वाजवायचे आणि मी कॉम्प्युटरमागे लपायचे.

ठेल्यावरचा क्रम ठरलेला. आधी "घरी सारं बरं हाय ना?" बाबांचा गुडघा, भावाची परीक्षा, आमच्या मनीषनगरात पाणी आलं की नाही, सगळं विचारून व्हायचं. मग ठेलेवाल्याला, "इच्या प्लेटीत तर्री जास्त टाक गा." तर्री म्हणजे पोह्यांवर घालायचा चण्याचा लालभडक रस्सा, कानातून धूर काढणारा. स्वतःचे पोहे मात्र कोरडे. "मले ॲसिडिटी हाय." मग तुमची चूक, एका वाक्यात. आणि लगेच, "झालं. विषय खतम. चहा घेशीन?"

पहिल्यांदा मी तिथे चक्क रडले. सरांनी पाठ फिरवली आणि समोरच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचू लागले. वाचून झाल्यावर ठेलेवाल्यावर डाफरले, "पोरीले किती तर्री टाकली बे?" बऱ्याच प्लेटा रिचवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जास्तीची तर्री त्यासाठीच असायची. डोळे कशानं वाहतायत हे बघणाऱ्याला कळू नये म्हणून.

यंदा आमच्याकडे नवे मॅनेजर आले. त्यांनी सगळ्यांना बसवून व्यवस्थापनाचे धडे दिले. पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य झळकलं. कौतुक सर्वांसमोर करा, चूक एकांतात सांगा. "हे कालातीत तत्त्व आहे," मॅनेजर म्हणाले. भोयर सर खूश होऊन माझ्या कानाशी आले. "पाय वं, माह्याच पोह्याचं इंग्रजी करून राहिले."

पुढच्याच आठवड्यात अमरावतीचा माल चंद्रपूरला गेला. पार भलत्याच दिशेला, आणि गाडी भोयर सरांनी सोडलेली. सकाळच्या बैठकीत मॅनेजरांनी त्यांचं नाव लाल अक्षरांत पडद्यावर दाखवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "झेपत नाहीये का आता?" सर हात मागे बांधून उभे होते. आम्ही सगळे आपापल्या चपला बघत होतो. ज्या माणसानं माझी एकेक चूक गेटबाहेर नेऊन पुरली, त्याच्यासाठी माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. लाज वाटली, पण चपलांवरची नजर काही मी काढली नाही.

बैठक संपली. खिडकीतून बघितलं तर सर ठेल्यापाशी नुसतेच उभे. त्यांना पोह्यांना नेणारं कोणी नव्हतं.

मी गेले. "सर, चला, पोहे खाऊ."

ते जरा हसले. "बरोबर हाय. आज माही पाळी."

ठेलेवाल्यानं माझ्या पोह्यांवर तर्री घातली, सरांना सवयीनं कोरडे दिले. मी चमचा पोह्यांत खुपसला. सरच म्हणाले, "आधी घरचं इचार ना वं. तसंच असते."

"घरी सगळं बरं आहे ना, सर?"

ते प्लेटीतले पोहे चमच्यानं इकडून तिकडे करत राहिले. "बायकोले लकवा झाला. संक्रांतीपासून बोलणं बंद हाय तिचं. सकाळी तिले चारून, पुसून येतो. पोरगा बंगलोरले. मंग इथं अमरावती काय न् चंद्रपूर काय."

"सर, सांगितलं नाहीत काहून?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली आली.

"इचारलं कोणी? मले सारे इचारतात, गाडी कुठं हाय."

मी हातातल्या प्लेटीकडे बघितलं. इतक्या प्लेटा खाल्ल्या, बाबांच्या गुडघ्याचं साग्रसंगीत सांगितलं. 'आणि तुमच्या घरी, सर?' एवढं उलटून विचारणं एकदाही सुचलं नव्हतं.

"आता चूक सांग," ते म्हणाले.

"अमरावतीचा माल चंद्रपूरला गेला, सर."

"हो."

"यापुढे बघून सोडा."

"हो."

"झालं. विषय खतम."

सरांनी मान डोलावली आणि आपली प्लेट ठेलेवाल्यापुढे धरली. "माह्या प्लेटीत तर्री टाक गा."

"सर, तुमची ॲसिडिटी..."

"टाक म्हणलं ना. जास्त टाक."

मी पाठ फिरवली आणि समोरच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचू लागले.