धोंडबांचा अंगठा

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून धोंडबांना घरात कसलाही त्रास पडू दिला जात नव्हता, आणि तोच त्यांचा त्रास होता. रेल्वेच्या यार्डात उभा जन्म शंटिंग करण्यात गेलेला माणूस. आता भिलाईत मुलाच्या क्वार्टरात बसून टीव्ही ऐकायचा. बातम्या संपल्या की चॅनेल बदलायला सून साधना स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानं यायची. आवाज कमी करायला यायची, टेपवर भीमगीतांची कॅसेट लावायला यायची. एकदाही तिचा सूर चढला नाही. ती थोडी कुरकुरली असती तर धोंडबांना बरं वाटलं असतं. मग हक्कानं हाक मारता आली असती.

शेवटी त्यांनी हाक मारणंच सोडलं. एका संध्याकाळी मुलगा अरुणकुमार प्लांटमधून घरी आला, तर बाबा खुर्चीत ताठ बसून शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवरचा कार्यक्रम ऐकत होते.

"बाबा, बकऱ्या घ्याच्या हायेत का?" त्यानं विचारलं.

"नाही रे. लागला होता, म्हणून आयकून राहिलो."

अरुणकुमार काय ते समजला. घरात टीव्हीचा, व्हीसीआरचा आणि टेपचा असे तीन रिमोट होते, पण हाताला तिन्ही सारखेच लागत. मागं धोंडबा बातम्या लावायला गेले आणि व्हीसीआरवर पुतणीच्या लग्नाची वरात निघाली. तेव्हापासून तिन्ही रिमोट कपाटावर जाऊन बसले होते. सगळी यंत्रं एकट्यानं चालवणारा नवा रिमोट सुपेल्याच्या बाजारात आलाय, असं त्याला डिपार्टमेंटमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. त्यातला सगळ्यात भारी घ्यायचा, पण तो बाबांनी स्वतः हातात धरून पारखायचा, असं ठरवून रविवारी त्यानं वडिलांना स्कूटरवर बसवलं.

त्या दिवशी भारताची मॅच होती. केवलराम शेठच्या दुकानात मागच्या भिंतीवर एकाच कंपनीचे टीव्ही ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर मॅच चालू, आणि दुकानाच्या पायऱ्यांवर अर्धा बाजार उभा. म्हातारा माणूस पाहून केवलरामनं धोंडबांना गर्दीच्या पुढं, टीव्हींच्या थेट समोर स्टूल दिलं. हातात आधी चंदेरी रिमोट ठेवला. सिंगापूरचा माल, बोट लावलं की आतून निळा उजेड पडतो, असं त्याचं कौतुक केलं. धोंडबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिला.

"घासलेल्या ताटावानी हाय हा. कुठं काय हाय, समजूनच नाही राहिलं."

मग केवलरामनं दुसरा दिला, काळा, जाडजूड, रबरी बटणं वर आलेला. नमुन्यासाठी म्हणून धोंडबांना न सांगताच तो दुकानातल्या टीव्हींवर जुळवून दिला, आणि तेवढ्यात चौकार गेला म्हणून तो मॅचकडे वळला तो वळलाच. अरुणकुमार काउंटरवर पंख्याचं रिमोटवालं बटण बघत होता. धोंडबांचा अंगठा एकटाच कामाला लागला.

पहिल्या दाबाला भिंतभर भरल्या वांग्यांचा मसाला परतला जाऊ लागला. पायऱ्यांवरून एक लांबलचक हाय निघाली.

"कोन आउट झाला?" धोंडबांनी शेजारी उभ्या माणसाला विचारलं.

"आउट नहीं दादा, मैच ही गया," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

मॅच गेली म्हणजे भारत हरला, असं धोंडबा समजले. त्यांना वाईट वाटलं. उदास मनानं त्यांनी पुढचं बटण चाचपायला घेतलं. इकडे केवलरामला केबलवाल्या चिंधूची आठवण झाली. चिंधू गर्दीतच चहा पीत उभा होता. लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच दुकानाच्या पत्र्यावर चढवलं. त्यानं तिथं तार हलवली आणि नेमका त्याच वेळी धोंडबांचा अंगठा आधीच्या बटणाच्या खालच्या बटणावर पडला. मॅच परत आली. चिंधूला खालून हुकूम गेला की जसा आहेस तसाच राहा. बिचारा एक हात वर करून तार धरून उन्हात उभा राहिला.

मग सगळ्या टीव्हींचा आवाज इतका चढला की काउंटरची काच थरथरली. चिंधूनं हात जरा खाली घ्यावा, असं ठरलं. त्यानं घेतला, आणि सगळे टीव्ही बंद पडले. कुणी म्हणालं लाइट गेली. पण पंखा तर फिरत होता. लोक आता चिंधूला नाही नाही ते बोलू लागले. शेवटची ओव्हर चालू होती.

अरुणकुमारनं तेव्हा सहज मागं पाहिलं, आणि त्याची नजर बाबांच्या अंगठ्यावर गेली. इतक्या लोकांसमोर हे उघड झालं असतं, तर बाबा पुन्हा घराबाहेर पडायचं नाव घेते ना. तो हळूच जवळ जाऊन उकिडवा बसला आणि बाबांच्या हातावर त्यांचा गमछा पसरला.

"बाबा, बोलू नका. हे सगळं तुमीच करून राहिले."

धोंडबांचे खांदे गदगदू लागले. बाबा रडतायत की काय, म्हणून अरुणकुमारनं वाकून पाहिलं, तर ते आवाज न करता हसत होते. डोळे गेल्यापासून त्यानं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"थांब," ते पुटपुटले. "कोपऱ्यातलं दाबलं तं बंद पडला ना? मंग तेच दाबतो."

गमछ्याखाली अंगठा हलला. भिंत उजळली, आवाज खाली आला, आणि शेवटच्या चेंडूला लागलेला चौकार सगळ्या बाजारानं पाहिला. चिंधूला खांद्यावर घेऊन लोक नाचले. केवलरामनं त्याला मिठाई भरवली. त्या गडबडीतच अरुणकुमारनं काळा रिमोट मागितला. केवलराम म्हणाला, चंदेरीची शान वेगळी आहे. धोंडबा म्हणाले, "याचीच ट्रायल झाली आपली. हाच बांधा."

घरी आल्यावर त्यांनी एका बैठकीत बातम्या लावल्या, कॅसेट लावली, बंद केली. साधना सवयीनं दोनदा दाराशी आली आणि काम नाही म्हणून परत गेली. संध्याकाळी मालिका लागली, तेव्हा धोंडबांची बायको पंचफुला निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन त्यांच्या शेजारी बसली आणि पडद्यावर काय चाललंय ते त्यांना सांगू लागली. थोड्या वेळानं टीव्ही एकदम मुका झाला.

"मामाजी, आवाज गेला का?" साधनानं आतून विचारलं.

"नाही, बेटा. मीच बंद केला. तुयी सासू सांगून राहिली, अन् टीव्ही मधात बोलते."

स्वयंपाक उरकल्यावर साधनानं गॅस बंद केला, हात पुसले आणि बोलावल्याशिवाय बाहेर येऊन खाली बसली. मालिका केव्हाच संपली होती. पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती. पंचफुला मान खाली घालून तांदळातले खडे वेचत होती, आणि तिच्या गोष्टीत सासू-सुनेचा अबोला सुटून दोघी मिळून पापड लाटायला बसल्या होत्या.

साधनानं एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा मामाजींच्या रंगलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सुपातले मूठभर तांदूळ आपल्यापुढं ओढून घेतले.

"मंग, आत्याबाई?" ती म्हणाली. "पुढं काय झालं?"