चुकलेली पाळी

हळू बोलणाऱ्या माणसाचं कधी काही बिघडत नाही, हे मी आजवर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आले. अर्थात हळू आवाजात! त्यात माझा रोजचा नेम असा, की कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. मन कसं शांत राहतं!

तर पन्नाशीनं मला गाठलं. कातडी इतकी कोरडी, की खाजवलं तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी रेघ! मध्येच अंगातून अशा वाफा निघतात, की शेजारच्याचा चष्मा धुरकटावा. आणि गुडघे? गंजलेल्या बिजागऱ्या! सूनबाईनं फर्मान काढलं, "आई, उद्यापासून प्रार्थना खुर्चीत बसून. हाडं मोडून घ्यायचीत का?"

मी जन्मभर देवापुढं जमिनीवर बसले. आता खुर्ची टाकून बसायला मी काय त्याची मुलाखत घेणार आहे? शेवटी तह झाला. हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणतील तसं.

डॉक्टरीणबाई दुपारी एकपर्यंतच बसणार, मग महिनाभर परगावी. माझा नंबर येणार, तेवढ्यात अंगातला बंब पेटला! तोंडावर पाणी मारून परत येते, तो नंबर पुकारून झालेला!

मी काउंटरवरच्या मुलीच्या कानाशी वाकले. "बाळ, माझी पाळी चुकली गं."

तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. "घाबरू नका हं, मावशी. या वयातही होतं कधीकधी. आधी खात्री करून घेऊ. समोर सिस्टरकडे जा."

नंबर पुन्हा लावायची इथली रीत असेल, म्हणून गेले. सिस्टरनं हातात लघवीची बाटली ठेवली.

"पण मला हाडांचं..."

"हाडांचं बघूच! आता कॅल्शियम दोघांनाही लागणार!"

"हो ना, आमच्या यांचेही गुडघे दुखतात."

सिस्टर जरा थबकली. "मिस्टर आलेत का बरोबर?"

"बाहेर पेपर वाचतायत."

ती धावतच सुटली. दोन मिनिटांत हे दारात हजर! पेपर उलटा, चेहरा त्याहून उलटा.

"अगं, निदान मला तरी आधी सांगायचं! मुलाला काय तोंड दाखवू? सूनबाई काय म्हणेल? निवृत्त होऊन मी शाळेच्या पालकसभेला जायचं? बाई म्हणतील, आजोबा, तुम्ही मागे बसा!"

एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. पण नेम म्हणजे नेम! हे बोलत राहिले, मी थांबत राहिले. अखेर ते श्वास घ्यायला थांबले आणि माझा आयुष्यभर जपून ठेवलेला आवाज एकदम फुटला.

"अहो, नंबराची पाळी चुकली! ती पाळी जाऊन वर्ष झालं!"

सगळ्या दवाखान्याच्या माना वळल्या! मागच्या बाकावरून एक बाई तेवढ्या म्हणाल्या, "सुटलात हो! माझं अजून लटकलंय!"

काउंटरवरच्या मुलीनं लाजून लाल होत आम्हा दोघांना सगळ्यांच्या शेवटी आत सोडलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

आता मी थोडीच फसणार! ठणकावून सांगितलं, "आत्ताच! माझीच शेवटची! माझ्यामागं कोणी नाही!"

त्यांचं पेन थांबलं. खुलासा यांनी केला, भिंतीकडे बघत.

हसू आवरून बाईंनी मी आणलेला हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. "हाडं थोडी विरळ झालीत, पण घाबरण्यासारखं नाही. गोळ्या घ्या, उन्हात चाला."

"आणि जमिनीवर बसू?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"बसून दाखवा."

बसले! पिसासारखी अलगद! यांच्याकडे विजयी नजरेनं पाहिलंसुद्धा.

"छान. आता उठा."

डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या. हेही बघत राहिले. मी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी जरा नामस्मरण करून घेते."