घोड्याचे पाय

थोर कलाकृतीची प्रेरणा आभाळातून उतरते, असं जाणकार सांगतात. या घरात ती कमरेतून आली; शनिवारी, दुपारी सव्वातीनला.

घरातली चित्रकार म्हणजे बायको. पंधरा वर्षं दुसऱ्यांची शुभेच्छापत्रं रंगवल्यावर तिला पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक मिळालं होतं. लहान मुलांची सचित्र परीकथा, पानं सोळा. गोष्ट लिहिणाऱ्या गृहस्थांनी ऐनवेळी हात वर केले आणि गोष्ट नवऱ्याच्या गळ्यात पडली. नवरा मिक्सर आणि इस्त्र्यांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. त्याचं पहिलं वाक्य तयार होतं : ‘राजकन्या सपाट व कोरड्या जागी ठेवावी.’ दुसरं आठवडाभर सुचलं नव्हतं. प्रकाशक पाच वाजता स्वतः येणार होते. ‘नाही जमलं तर राहू द्या, दुसरं कुणी बघू,’ असंही ते गोड आवाजात सांगून बसले होते.

अडचण बायकोचीही होती. तिला घोड्याचे पाय जमत नसत. मान डौलदार, आयाळ अशी की हात फिरवावासा वाटे. गुडघ्याखाली मात्र स्टूल व्हायचं. म्हणून तिचा घोडा कायम उंच गवतात उभा. दरबारात गवत, जिन्यावर गवत.

“राजवाड्यात गवत कसं आलं?” नवऱ्याने विचारलं.

“ते तुम्ही लिहा ना! लेखक कोण आहे?”

“माळी रजेवर होता, असं लिहू?”

“सोळाही पानं?”

सहा वर्षांच्या लेकीने तोडगा काढला. “बाबा, तुम्हीच घोडा व्हा. आई बघून काढेल.”

बाबा हॉलमध्ये हात-गुडघे टेकून घोडा झाले. लेक पाठीवर बसली. “टाच मारू?” असं तिने रीतसर विचारलं, पण मारल्यानंतर. घोडा उसळला, कमरेत कट्कन वाजलं आणि तो होता तिथेच थांबला.

“उठा की आता.”

“येत असतं तर उठलो नसतो का?”

कण्हणं ऐकून त्याची आई स्वयंपाकघरातून आली. “लहानपणीही असाच कुठेकुठे अडकायचा,” ती सुनेला म्हणाली आणि गरम पाण्याची पिशवी त्याच्या पाठीवर ठेवली. पिशवी घसरू नये म्हणून वरून चादर टाकली. चादर दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकली. लेकीने खाली डोकावून पाहिलं. मग उशी आत गेली, बाहुली गेली, बिस्किटांचा डबा गेला.

“आजी, हे घर आहे. चपला बाहेर काढ.”

“आत कोण कोण राहतं गं?” वरून छपराने विचारलं.

“मी, बाहुली आणि पावसात सापडलेली सगळी मुलं. घोडा वाकलाय ना, म्हणून कुणीच भिजत नाही.”

नवरा कण्हायचं विसरला. “अगं, पेन्सिल घे! लिही. एक घोडा होता. तो एकदा वाकला, तो वाकलेलाच राहिला...”

“हलू नका!” बायको चादरीची कड वर करून किंचाळली. “पाय येतायत!”

“हलणं माझ्या हातात आहे का?”

पाच वाजता प्रकाशक आले. लेकीने त्यांना बूट काढायला लावून चादरीखाली घेतलं. तिथेच मांडी घालून, एक बिस्कीट खात, त्यांनी पानं वाचली. शेवटच्या पानावर घोडा गवताबाहेर आला होता, चारही पायांसकट. सवयीने थोडं गवत राहिलं होतं.

“पाय फार छान आलेत,” आतून आवाज आला.

बायकोने बाहीने डोळे पुसले. गालावर हिरवा रंग लागला. आजीने तो पदराने पुसला आणि ती चहा टाकायला गेली.

“फक्त शेवटी एखादी ओळ हवी,” प्रकाशक म्हणाले. “मुलांना स्वतः करून बघता येईल अशी.”

“घोडा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने हळुवार पुसावा,” नवरा सवयीने बोलून गेला. प्रकाशक इतके हसले की छप्पर हललं आणि पुन्हा विव्हळलं. ओळ तशीच छापायची ठरली.

नवरा सोमवारी सरळ झाला. पुस्तक तीन महिन्यांनी निघालं. मुलांनी ते मनापासून वाचलं आणि सूचनाही मनापासून पाळली. लेकीच्या शाळेच्या वाचनालयातल्या प्रतीत आता घोडा नाही. गवत आहे.